मुकी चाल

साल दोन हजार चोवीस. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. वणीला आमच्या बँडची एक खोली आहे. तिथं खाटेवर बसून क्लॅरनेटच्या तोंडाशी बसते ती वेताची पत्ती घासत होतो, तेवढ्यात पुण्याहून नातीचा फोन आला.

“आबाजी, डफडं कोणापाशी भेटंल?”

“कायले पाह्यजे तुले डफडं?”

“आमच्या तन्वी मॅडम म्हणत होत्या, का शेवटच्या परीक्षेले...”

एवढं ऐकलं आणि मी फोन कापला. त्यानंतर तिचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. पोरानं, म्हणजे तिच्या बापानं, विचारलं, “काय झालं बाबा?” त्यालाही सांगितलं नाही.

दिवाळी अंकाच्या संपादक साहेबांनी मला सांगितलं होतं, मास्तर, बँडच्या गमतीजमती लिहा. वरातीत दारू पिऊन पडलेले नवरदेवाचे मामा वगैरे. ते मामे सगळ्यांनी पाहिलेले आहेत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी लिहितो ते युनिव्हर्सिटीत गाणं-बजावणं कसं शिकवतात याबद्दल. मी चौथी शिकलो. शुद्धलेखन साहेबांनी सुधारावं, मजकुराला हात लावू नये.

आधी माझं काम सांगतो, कारण आता ज्यांची लग्नं होतात त्यांना बँड म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांच्या लग्नात एक गाडी येते, गाडीवर माणसाच्या उंचीचे डबे रचलेले असतात, एक पोरगं मोबाईलवर बोट ठेवतं आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड सुरू होते. त्या पोरालाही लोक कलाकार म्हणतात. बँड म्हणजे वर्दी घातलेली माणसं. पुढं क्लॅरनेट घेऊन मास्तर, त्याच्या मागं ट्रम्पेटवाले, मग साईड ड्रम, सगळ्यात शेवटी मोठा ढोल. ढोल शेवटी असतो, कारण ढोलवाल्याला पोटावरच्या ढोलामुळं समोरचं काही दिसत नाही, तो पुढच्याच्या पाठीवर भरवसा ठेवून चालतो. धून क्लॅरनेट सांगते, बाकीचे तिच्या मागं येतात. कागद कोणापुढं नसतो. सगळं कानानं घेतलेलं आणि डोक्यात ठेवलेलं. आणि हे चालता चालता. बसून कोणीही वाजवतो. उन्हात, चढावर, नाचणाऱ्यांचे धक्के खात, बाजा दातावर आपटू न देता वाजवायचं, हे काम आहे.

हे मला माझ्या आधीच्या बँडमास्तरांनी, गफूर मास्तरांनी शिकवलं. त्यांची एक चाल होती, नवरदेव मांडवाच्या दाराशी येतो तेव्हा वाजवायची. सिनेमातली नाही, त्यांनी स्वतः बसवलेली. दुसऱ्या बँडवाल्यांनी ती चोरायचा लई प्रयत्न केला. पहिलं कडवं नेलं त्यांनी, पुढचं काही जमलं नाही.

गफूर मास्तरांची दुसरी गोष्ट म्हणजे मुकी चाल. वरात ज्या रस्त्यानं जाते त्या रस्त्यावर कधी एखाद्या घरी मयत झालेली असते. त्या घराच्या अलीकडं मास्तर क्लॅरनेट तोंडातून काढून सरळ वर धरतो आणि बँड बंद. सगळा बंद. पाय मात्र चालू. गाणंही चालू, पण डोक्यात. घर मागं पडलं की मास्तर क्लॅरनेट खाली आणतो आणि सगळे एकदम निघतात. जिथं सोडलं तिथून नाही. गाणं आतल्या आत चालत चालत जिथवर पोचलं असेल तिथून. सगळ्यांच्या डोक्यात ते एकाच जागी पोचलेलं असावं लागतं. हलके बँड काय करतात, घर गेलं की पहिल्यापासून सुरू करतात. म्हणजे ते थांबलेले असतात. आम्ही थांबत नव्हतो.

मुकुटबनला एका मोठ्या घरची वरात होती. कापूस, तूर, दारात ट्रॅक्टर. रस्त्यात एक घर लागलं, अंगणात माणसं गप्प बसलेली आणि पेटत्या गोवऱ्यांचा धूर. मी क्लॅरनेट वर केली. नाच बंद पडला. नवरदेवाचा काका तरातरा पुढं आला.

“काहून बंद केलं बे?”

“मयत हाय साहेब.”

“ते आपल्यातले नाईत. वाजव.”

“मयत तर हाय.”

“तुले नाचाचे पैसे देल्ले, चालाचे नाई.”

मी क्लॅरनेट वर धरून चालत राहिलो आणि माझी माणसं माझ्या मागं. काका बाजूनं शिव्या देत चालला. थोड्या वेळानं त्याच्या शिव्याही आमच्या पावलावर पडायला लागल्या, त्याला ते कळलंही नाही. घर सरलं, मी बाजा खाली आणला आणि बँड निघाला, ओळीच्या मधून, एका घावात. लग्न लागल्यावर आम्हाला परत सोडायला गाडी दिली नाही त्यांनी. ढोल पाठीवर घेऊन वणीच्या रस्त्याला लागलो, पुढं एका कोळशाच्या ट्रकवाल्यानं घेतलं. घरी पोचलो तेव्हा आमची तोंडं काळी होती, पण चाल तुटली नव्हती.

ही गोष्ट मी नातीला ती लहान असताना कितीदा तरी सांगितली. काकाच्या शिव्यांची जागा आली की ती पाय आपटत घरभर चालायची.

नात म्हणजे संघमित्रा, घरात मितू. पोरगा कोळसा खाणीत डंपर चालवतो, त्याची ही थोरली. क्लॅरनेट मीच तिला शिकवली. शौक म्हणून. मागंच लागली होती. पण बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा मी साफ सांगितलं, नर्सिंग कर, बँकेची परीक्षा दे, तहसीलमध्ये लाग. तिनं कुठून शोधून काढलं कोण जाणे, पुण्याच्या बाहेर एक युनिव्हर्सिटी आहे, तिथं चार वर्षं संगीत शिकवतात आणि त्याची डिग्री देतात. आणि आमच्यासारख्याच्या पोरीला फी माफ.

मी का अडलो ते सांगतो. माझा बाप गावात डफडं वाजवायचा. आवडीनं नाही. पोळ्याला, दसऱ्याला, पाटलाच्या घरच्या लग्नाला दारात उभं राहून वाजवणं हे आमच्या घरावर लादलेलं काम होतं. छप्पन सालानंतर आम्ही दीक्षा घेतली. बापानं डफड्याचं कातडं सोलून टाकलं, लोखंडी कडं धुतलं, आणि घरात पाण्याचा रांजण डुलत होता त्याच्या बुडाखाली ठेवून दिलं. पोळ्याला पाटलाचा माणूस बोलवायला आला. बाप त्याला म्हणाला, “डफडं रांजणाखाली हाय. ये, पानी पे.” तो पाणी प्यायला नाही. त्या वर्षी आम्ही गाव सोडून वणीला आलो, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. ते कडं अजून आमच्या घरी आहे. रांजण फुटला, आता त्यावर पाण्याची कॅन असते.

लोक मला टोमणा मारतात, मास्तर, बापानं सोडलं आणि तुम्ही धरलं. फरक कळत नाही त्यांना. डफडं हुकमाचं होतं, बँड सुपारीचा आहे. सुपारी म्हणजे कामाचं ठरवून दिलेलं इसाराचं वचन, आणि ती घ्यायची की नाही ते मी ठरवतो. पाटलाला नाही म्हणायची सोय बापाला नव्हती. मी तीन आमदारांना म्हटलेलं आहे. तरीपण पोराला मी बँडमध्ये येऊ दिलं नाही. आणि तिसऱ्या पिढीनं पुस्तकं घेऊन पुन्हा वाजवायलाच जायचं, हे मला पटणारं नव्हतं.

“शिकून वाजवतच राह्यची अशीन, तर शिकाचं कायले?” मी तिला विचारलं.

“वाजवाले नाई जाऊन राह्यली आबाजी, समजून घ्याले जाऊन राह्यली.”

“मी जनमभर वाजवलं. मले काई समजून घ्याची गरज नाई पडली.”

“म्हणूनच,” म्हणाली आणि गेली.

पहिल्या वर्षी तिला काय शिकवलं ते लिहितो. ढग. “आबाजी, या सहामाहीत माहा एक विषय ढगाचा हाय.” मला वाटलं फोनमध्ये खरखर आहे. पण खरंच ढग. तिथं म्हणे नुसता आपला विषय शिकून चालत नाही, इकडचं तिकडचंही शिकावं लागतं, मगच माणूस पुरा होतो. संगीत करायचं असेल तर ढग, गणित, नीतीचं शास्त्र आणि पोहणं. मी विचारलं, ढगवाल्यांना क्लॅरनेट शिकवतात का? म्हणाली, ज्याले पाह्यजे त्याले शिकवतात. म्हणजे ढगवाला अर्धा आणि बाजेवालाही अर्धा, आणि दोघं मिळून पुरे.

एक विषय ऐकण्याचा होता. सगळ्या वर्गानं डोळे मिटून एक धून ऐकायची आणि मग मनात काय काय आलं ते लिहायचं. त्याला मार्क. आमच्या वरातीमागं चालणारे लोक हे काम फुकट करत आले, आणि मनात काय आलं ते तोंडावर सांगत आले. एकदा सगळा वर्ग बाजारात पाठवला, भाजीवाल्यांचे आवाज टिपून आणायला. भाजीवाल्यानं विचारलं, घ्यायचं काय? पोरं म्हणाली, काही नाही, तुम्ही नुसते ओरडा. वणीच्या बाजारात असं विचारून पाहावं एखाद्यानं.

मास्तरणीला पोरं नावानं हाक मारतात. नुसतं तन्वी. तिच्यापुढं पाय पसरून बसतात आणि तीही खालीच बसते. गफूर मास्तर खोलीत आले की आमची विडी आपोआप विझायची. मितू तेवढी मॅडम म्हणायची, ते घरचं वळण.

दुसऱ्या वर्षी सुट्टीत आली तर तिला सूर कागदावर लिहिता येत होते. पाच रेघा आणि त्यावर मुंग्या. माझ्याकडून गफूर मास्तरांची चाल वाजवून घेतली. मग म्हणाली, पुन्हा वाजवा. पुन्हा वाजवली.

“आबाजी, दुसऱ्या कडव्यात तुम्ही घाई करता.”

“कोण घाई करते?”

“तुम्ही. दोनी वेळा केली.”

“ते घाई नाई. ते चालीचं वळण हाय.”

“मंग पह्यल्या कडव्यात काहून नाई वळत?”

मी उठून बाहेर गेलो. ढग शिकलेली पोरगी मला ताल सांगायला लागली होती. त्या दिवशी तिच्या आईनं वांग्याची भाजी केली होती, मी जेवलो नाही.

अशी चार वर्षं गेली आणि मग तो डफड्याचा फोन. माझं डोकं काहून फिरलं ते आता कळलं असेल. एवढी मोठी इमारत, एवढे ढग, एवढं डोळे मिटून ऐकणं, आणि शेवटी आमच्या पोरीकडं मागितलं काय, तर डफडं. तुमच्याकडचं काहीतरी आणा, असंच म्हटलं असणार. बंगल्यातल्या पोराला कोणी म्हटलं असतं का, तुझ्या आजाचं काहीतरी आण? त्यानं काय आणलं असतं, आजाची वकिली? माझ्या बापानं जे कातडं सोललं आणि त्यापायी गाव सोडलं, ते माझी नात पुन्हा चढवणार, मोठ्या लोकांपुढं उभी राहून वाजवणार, ते टाळ्या वाजवणार आणि वर मार्क देणार. फरक एवढाच, की पाटील मार्क देत नव्हता.

एप्रिलमध्ये पोरगा म्हणाला, “बाबा, मितूची परीक्षा स्टेजवर हाय. मले रजा नाई भेटत. तुम्ही जा.”

“मी नाई जात.”

“तुमची वर्दी इस्त्री करून आणली हाय.”

मी गेलो. ऐकायला नाही गेलतो. ठरवूनच गेलतो, की डफडं स्टेजवर आलं की उठायचं, वर चढायचं आणि तिच्या हातातून काढून घ्यायचं. मग परीक्षेचं आणि डिग्रीचं जे व्हायचं ते होवो.

ट्रॅव्हल्समधून उतरून, तोंड धुऊन मी वर्दी चढवली. लाल कोट, खांद्यावर सोनेरी दोरी, डोक्यावर टोपी. युनिव्हर्सिटीच्या गेटावर चौकीदारानं पाहिलं आणि म्हणाला, “बँडवाल्यांनी मागच्या गेटनं जा.”

“मी बँड वाजवाले नाई आलो. नातीची परीक्षा पाहाले आलो.”

माझी बोली ऐकून त्याचा चेहरा बदलला. “कुठचे हो बुढेबाबा?”

“वणी.”

“मी बोरी अरबचा.” जिल्ह्यातला निघाला, पण गेट काही सोडेना. “साहेबाचा नियम हाय. वर्दीवाले मागून.”

“वर्दी तर तुही बी हाय. तू कुठून येतं?”

“मागून.”

मी तिथंच उभा राहिलो. पुढच्याच गेटाशी. गाड्या येत होत्या, काचेतून पोरं पाहत होती. मला उभं राहायची सवय आहे, ऊन मला काही करत नाही. चौकीदारानंच शेवटी कंटाळून फोन लावला आणि मितू धावत आली. वहीत सही करून मला आत नेलं. पाया पडली. डफड्याचं तिनं काढलं नाही, मीही नाही.

“जेवले काय आबाजी?”

“हो.”

जेवलो नव्हतो.

ती तयारीला गेली आणि मी तन्वी मॅडमला गाठलं. पोरगीच आहे. केस कापलेले, पायात रबरी चप्पल. तिकडं दक्षिणेकडची, पण मराठी समजत होती. मी वाटेत जे जुळवून आणलं होतं ते सगळं बोललो. बाप, कातडं, रांजण, पाटलाचा माणूस, आणि तुमच्या डिग्रीपायी आम्ही पुन्हा दारात उभं राहणार नाही, इथपर्यंत. तिनं मधे तोंड घातलं नाही. मग म्हणाली, “हे मितूनं मला सांगितलं आहे, दोन महिन्यांपूर्वी. मी मागितलं, ते चुकलं. तिला म्हटलं, तुला हवं ते वाजव. काय वाजवणार ते तिनं मलाही सांगितलं नाही.” आणि मग, “चहा घेणार?”

भांडायला आलेल्या माणसाला चहा पाजणं हे शिकलेल्या लोकांचं हत्यार आहे. मी प्यालो. बिनसाखरेचा होता. राग कुठं ठेवावा ते कळेना, तो तसाच घेऊन हॉलमध्ये जाऊन बसलो.

मितूच्या आधी दोघांची परीक्षा झाली. एका पोरानं पियानोचं झाकण उघडलं आणि वाजवायचं सोडून आतल्या तारा नखानं ओरबाडल्या. एका पोरीनं पितळी ताटावर वरून पाण्याचे थेंब पाडले आणि लोकांना ते ऐकायला लावले. आमच्या खोलीचं छप्पर हे काम दर पावसाळ्यात करतं. लोक मान हलवत होते.

मग मितू आली. हातात क्लॅरनेट, मी दिलेली. डफडं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेला आलो होतो, तो मागं टेकलो.

तिनं गफूर मास्तरांची चाल धरली. उभी राहून नाही, चालत. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बँडच्या पावलानं. पहिलं कडवं चांगलं झालं. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही, इथं लिहितो. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी आली, आणि तिनं क्लॅरनेट तोंडातून काढून सरळ वर धरली.

मी हॉलमध्ये इकडं तिकडं पाहिलं. इथं कोण मेलं होतं?

पाय चालू होते तिचे. लाकडाच्या स्टेजवर ठाक, ठाक. बाहेरून आलेले परीक्षक पुढं बसले होते. त्यातल्या एकानं दुसऱ्याकडं पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. त्यांना वाटलं पोरगी विसरली. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, संपलं असं समजून, आणि पाहता पाहता अर्धा हॉल टाळ्या वाजवायला लागला. टाळ्यांना ठेका नसतो. मुक्या चालीत असा गलका झाला की चांगले चांगले बँड फुटतात. डोक्यातलं गाणं एकदा सुटलं की सापडत नाही. ती चुकीच्या जागेवरून निघाली असती तर परीक्षकांना कळलं नसतं, मॅडमला कळलं नसतं. मला कळलं असतं आणि तिला कळलं असतं.

माझे पाय कधी सुरू झाले ते मला माहीत नाही. पायात बँडचे बूट होते आणि खाली फरशी. बाजूची बाई माझ्याकडं पाहायला लागली. मी चाल धरून होतो. दुसरं कडवं, त्याचं वळण, मग तिसरं जिथून सुरू होतं ती उचल. टाळ्या हळूहळू विरल्या, लोक खजील होऊन बसले, तरी ती चालतच होती. टोकाला गेली, वळली, परत आली. मी तिसऱ्या कडव्याच्या उचलीवर पोचलो. क्लॅरनेट खाली आली नाही.

गेली चाल, म्हटलं.

आणि अर्ध्याच पावलानं बाजा तिच्या तोंडात आला आणि ती निघाली. उचलीवरूनच. एका घावात.

शेवटी टाळ्या पुन्हा झाल्या. मी वाजवल्या नाहीत. आपल्या बँडमधल्या माणसाला आपण टाळ्या वाजवत नसतो.

परीक्षकांनी तिला इंग्रजीत काही विचारलं, तिनं उत्तर दिलं. मग आम्ही बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो.

“काय म्हणे थो पेनवाला?”

“मधात विसरली होती काय म्हणे. मी म्हटलं नाई. त्याले पटलं नाई वाटते. मार्क कापते आता.”

“कापू दे. मयत कोणाची होती?”

“कोणाचीच नाई. मॅडमनं डफडं मागतलं होतं ना, मंग तेवढी जागा मुकी ठेवली. पणज्यानं जे सोडलं, ते वाजवून कसं दाखवू?” ती क्लॅरनेट पुसत होती. “त्याच्याचसाठी तुमाले फोन केलता.”

“तू डफडं मागाले फोन केलता.”

“हातात घेऊन पाह्यचं होतं, किती जड रायते. अन् तुमाले विचाराचं होतं, पणजा दारात किती वेळ वाजवे. तेवढाच वेळ मले मुकं चालाचं होतं. तुम्ही फोनच कापला. मंग मी अंदाजानं एक कडवं धरलं.”

मी समोरच्या गवताकडं पाहिलं. एवढं हिरवं गवत आणि त्यावर एक गाय नाही.

“पाटील दारातून भाईर येये तवरीक वाजवे,” मी सांगितलं.

“म्हणजे किती?”

“त्याची मर्जी. एक डाव तो जेवाले बसला होता.”

मितूनं पत्ती काढून डबीत ठेवली, डबी बंद केली. “मंग एक कडवं कमीच झालं,” म्हणाली.

तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं मनात होतं. तोंडातून निघालं ते दुसरंच.

“अर्धं पाऊल उशिरा निघाली तू.”

“मी नाई उशिरा. तुम्ही लवकर पोचले.”

“मी?”

“तुमचे बूट स्टेजवर आयकू येत होते आबाजी. टाळ्या सुरू झाल्या अन् माही चाल सुटाले लागली. मंग तुमच्या बुटावर धरली. वळणापावतर तुमच्यासंगं आली, अन् तिथून तुमाले सोडून देल्लं.”

“काहून?”

“तिथून तुम्ही पळता.”

मी तिला सांगितलं की ढग शिकलेल्या माणसाशी मी तालाबद्दल बोलत नसतो. ती हसली आणि मला जेवायला घेऊन गेली. जेवणात गवतासारखा काही पाला होता, कच्चा. मितूनं आपल्या ताटातली पोळी माझ्या ताटात टाकली.

निकाल पुढं लागला. मार्क कापलेच त्यांनी, डिग्री दिली. युनिव्हर्सिटीबद्दल माझं मत जसंच्या तसं आहे. चार वर्षांत जे शिकवलं ते मी दोन लग्नसराईत शिकवलं असतं, ढग सोडून. पण ती अर्ध्या पावलाची गोष्ट काही डोक्यातून जाईना. मी जनमभर माणसं माझ्यामागं चालवली. माझ्या मागच्यांनी कधी सांगितलं नाही की मास्तर, तुम्ही घाई करता. त्यांनी का सांगावं, मी घाई करतच नव्हतो.

परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी उजाडता उजाडता मी पाहुण्यांच्या खोलीतून उठलो, वर्दी चढवली, बूट बांधले आणि मुलींच्या वसतिगृहाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथं ड्यूटीवर तोच बोरी अरबचा चौकीदार होता.

“आता काय झालं बुढेबाबा?”

“आमच्या मितूले उठव. म्हण, बाजा घेऊन ये. इथून गेटपावतर मुकी चाल चालून पाहाची हाय.”

“एवढ्या सकाळी? कायले?”

“घाई कोण करते ते पाहाचं हाय. अन् गेट पुढचं. मागचं नाई.”